झोक्यावरून उचललेली ओळ

मोठा गीतकार कशानं होतो, हे मला कुणी विचारू नये असं वाटतं. पण विचारतात. मध्यंतरी जळगावच्या एका कॉलेजात पोरांनी बोलावलं होतं. ही पोरं आता आहिराणी गाणी मोबाइलवर करतात. त्यांच्यातल्या एका मुलीनं उभं राहून तेच विचारलं. मी म्हणालो, निरीक्षण पाहिजे, बोलीवर माया पाहिजे, वाचन पाहिजे. टाळ्या झाल्या, शाल झाली. येताना एसटीत शाल मांडीवर घेऊन बसलो होतो, तर मला काहीच वाटत नव्हतं. तसं मला बऱ्याच वर्षांपासून फारसं काही वाटत नाही. बायको म्हणते, स्वभाव शांत आहे. असेल.

त्या मुलीला मी खोटं सांगितलं नाही. पण जे माहीत होतं तेही सांगितलं नाही. ते सांगायचं तर माझ्या बहिणीचं सांगावं लागतं.

लिहायला बसण्याआधी तिला फोन केला. म्हणालो, अक्का, त्या गाण्याचं लिहू का? तिच्याकडे मागं कुणीतरी गिरणीवाल्याशी भांडत होतं. मग म्हणाली, "लिख. पन तुनं लिख. मनं नको लिखू." तुझं लिही, माझं नको. म्हणून इथं तिच्या दोनच ओळी येतील, त्यातली एक मी आधीच सगळ्या खानदेशात वाजवून बसलो आहे. बाकी सगळं माझं आहे.

ऐंशीनंतरची ती मधली वर्षं. मी धुळ्याला पाटबंधारे खात्यात कारकून होतो. खोली आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत, आणि खोलीच्या खाली लग्नाच्या बॅन्डचं दुकान. खुंट्यांना लाल कोट टांगलेले, खांद्यांवर सोनेरी झालरी, भिंतीला टेकवलेला मोठा ढोल. सीझन नसला की बॅन्डचे मास्तर सकाळी फळीवर बसून क्लॅरिनेटची पत्ती ओठात भिजवत बसायचे. मी कविता लिहितो हे त्यांना माझ्या खोलीमालकानं सांगितलं होतं. तेव्हापासून मी 'कवी' झालो.

"कवी, हिंदी गाणी वाजवून वाजवून तोंड आलं. आपल्या भाषेतलं काहीतरी द्या की. बाया नाचतील असं."

मी दिलं. सातपुडा होता त्यात, पानझरेचं पाणी होतं, कपाशीची बोंडं चांदण्यांसारखी फुलली होती. मास्तरांनी कागद लांब धरून वाचला आणि म्हणाले, "यात माझ्या माणसानं श्वास कुठं घ्यायचा? कवितेत कोणी मरत नसेल, वरातीत मरतं."

बॅन्डची पोरं हसली. मलाही हसू आलं. पण ते पुढं म्हणाले ते मी कधी विसरलो नाही. "वरातीत गाणारा नसतो, कवी. नुसता बाजा. तरी आम्ही दोन सूर फुंकले की बाईच्या ओठावर शब्द आले पाहिजेत. ते येतात कधी? तिनं तो शब्द आपल्या घरात पाहिलेला असला तर. ही तुमची चांदणी-बिंदणी कोणाच्या घरात आहे? खरी खूण टाका. जी बनवून सांगता येत नाही अशी. लोक तिथंच धरतात."

मी खरी खूण शोधायला लागलो. दोन-तीन वर्षं शोधत होतो. ऑफिसात शोधली, बाजारात शोधली, मारवाड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून शोधली. जे सापडलं ते दुसऱ्या कुणाच्या गाण्यात आधीच असायचं. त्या काळात आहिराणी गाण्यांच्या कॅसेटी निघायला लागल्या होत्या. जळगावात एका खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून रेकॉर्डिंग करायचे. मास्तरांची तिथं ओळख होती. "एक गाणं आण, एकच," असं ते म्हणायचे. आणि माझ्याकडे ते एक नव्हतं.

माझ्या बहिणीकडे होतं.

ती माझ्याहून मोठी. शाळा चौथीपर्यंत. तोंडाची फटकळ. कुणाच्या लग्नात विहिणीला नाव ठेवायचं झालं की बाया तिला पुढं ढकलायच्या, आणि ती उभ्या उभ्या अशी ओळ जोडायची की ज्या विहिणीला लागली तीही पदर तोंडाशी नेऊन हसायची. गातानासुद्धा ती काम करत असायची. गाणं जोडायला ती कधी बसलेली मी पाहिली नाही. तिला जामनेरकडं दिली होती. तिकडची बोली वेगळी. 'आहे'ला आमचं 'शे' तिकडं कुणी म्हणत नाही. त्या गावात ती बोलली की पोरं चिडवायची, म्हणून ती तिकडं कमी बोलायला लागली होती. हे मला तेव्हा माहीत होतं, पण त्याचा अर्थ काय होतो, याचा मी विचार केला नव्हता.

वर्षातून एकदा, आखाजीला, ती माहेरी यायची. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण. पंधरा दिवस आधी गौराई बसते, लेकी गोळा होतात, निंबाला झोका बांधतात. पुरणाच्या पोळ्या, आंब्याचा रस. गडीमाणसं त्या दिवसांत गावाच्या दुसऱ्या टोकाला पारावर पत्ते कुटत बसतात, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. आता मला वाटतं, गड्यांना पत्त्यांना लावून देण्यामागं बायांचाच काहीतरी बेत असावा. कारण झोक्यावर लेकी जे गातात ते सासरचं असतं. सासूचं, जावेचं, नवऱ्याचं. खरं, नाव न घेता, खणखणीत. आणि ते तिथून हलत नाही. कुणाची लेक काय म्हणाली हे कुणी तिच्या सासरी पोचवत नाही. तसा नियम कुणी सांगितलेला नाही. एकमेकींच्या सासरचे पाहुणे त्याच वाटेनं येत-जात असतात, त्यांना पाणी देतात, चहा देतात, आणि झोक्यावरचं एक अक्षर सांगत नाहीत.

एका आखाजीला मला ताप होता. मी पारावर न जाता आमच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, कुरडया वाळत घातल्या होत्या त्यांच्या पलीकडं भिंतीच्या सावलीत पडलो होतो. खाली परसात निंब. झोक्याची दोरी करकरत होती. लेकी पाळीपाळीनं गात होत्या. अक्काची पाळी आली. तिचं दुसरं बाळ तेव्हा अंगावर पीत होतं. तिनं झोका घेतला आणि म्हणाली,

पीठवर पंजा चार बोटना,
मनी भूक तठेच थांबस, माय वं.

पिठावर चार बोटांचा पंजा आहे, माझी भूक तिथंच थांबते. पुढं आणखी होतं. ते तिचं आहे.

खाली कुणी हसलं नाही. कुणीतरी फक्त "हा माय" म्हणालं आणि झोका परत गेला.

मला कळलं. तिची सासू पिठाच्या डब्यातलं पीठ सारखं करून त्याच्यावर हाताचा पंजा उठवून ठेवायची. पंजा मोडला की कुणीतरी पीठ घेतलं. आणि सासूच्या उजव्या हाताला चारच बोटं होती. लग्नात अक्षता टाकताना मी तो हात पाहिला होता. अंगावर पिणारं पोर, दुपारची भूक आणि डब्यातला तो हात. मी तापात होतो, पण माझ्या अंगावर काटा आला तो तापाचा नव्हता. मी बहिणीची कीव करत नव्हतो. मी मनात म्हणत होतो, हीच. हीच ती खूण.

तापाचं मी कारण म्हणून सांगत आलो आहे. म्हणजे कुणाला सांगितलेलं नाही, स्वतःलाच सांगत आलो आहे, की ताप होता म्हणून कानावर पडलं. पण पुढच्या आखाजीला मला ताप नव्हता, आणि तरी मी धाब्यावर चढून पडलो होतो. हे लिहून टाकलेलं बरं.

धुळ्याला परत आल्यावर मास्तरांना ती ओळ म्हणून दाखवली. त्यांनी क्लॅरिनेट खाली ठेवला. परत म्हणायला लावली.

"कोणाची?"

"माझी."

"पहिली ओळ सोनं आहे. दुसरीनं रडू येतं. वरातीत कोण रडणार? दुसरी बदला."

बदलायला मला फार वेळ लागला नाही. खरं तर त्याच संध्याकाळी जमलं.

पीठवर पंजा चार बोटना,
सून पुसस कोपरा ओठना.

सून ओठाचा कोपरा पुसते. म्हणजे खाल्लं तिनं. पुढची कडवी आपोआप आली. सासू बाजाराला जाते, सून डबा उघडते, सासू येते, सून ओठ पुसते. बाया नाचता नाचता ओठ पुसतील अशी जागाच होती ती. अक्काच्या ओळीतली भूक मी काढली आणि तिथं चोरी घातली. तेव्हा मला हे इतकं सरळ दिसत नव्हतं. मला यमक दिसत होतं.

बोटं पाच करायची, एवढं तरी मी करू शकलो असतो. मनात आलं होतं. 'पाच बोटना' म्हणून पाहिलंही. चालीत बसत होतं. पण पाच बोटांचा पंजा कुणाचाही असतो. ओळ एकदम मेल्यासारखी झाली. मी परत चार केली. चार बोटं ठेवली तर ती बाई ओळखू येईल, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

त्या बिनतापाच्या आखाजीनंतर कॅसेट निघाली. त्या लग्नसराईत ते गाणं चाळीसगावपासून पिंपळनेरपर्यंत वाजलं. टेम्पोत, रसवंतीवर, मांडवात. मी रस्त्यानं जाताना लोक मला ओळखत नव्हते, पण गाणं ओळखत होते, आणि ते जास्त चांगलं वाटायचं. ऑफिसातल्या साहेबांनी पेढे मागवले. मी सुट्टीवर घरी गेलो तेव्हा माय ते ऐकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. याहिणीचा हात तिनंही पाहिलेला होता. आमच्याकडे विहिणीला याहीन म्हणतात. माय म्हणाली, "बरी दिधी तिले. मनी पोरले भुकी ठेवस." मी तिला बरी दिली, असं तिला वाटलं.

पुढच्या आखाजीला अक्काला आणायला मी निघालो. लेकीला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. दर वर्षी मीच जायचो. जामनेरच्या स्टँडवर दाजी आले होते. मितभाषी माणूस, कुणाचं वाईट न बोलणारा. आम्ही चहा प्यालो. मग ते त्यांच्या मोटारसायकलच्या टाकीवरून हात फिरवत म्हणाले, "एक सांगून ठेवतो. घरी बोलणं नको व्हायला."

त्यांच्या गावात एक वरात निघाली होती. बॅन्ड आमच्या मास्तरांचा नाही, दुसराच कुठला तरी. वरात त्यांच्या घरासमोर आली तेव्हा त्यांची आई ओट्यावर नवरदेवाला ओवाळायला ताट घेऊन उभी होती. बॅन्डनं ते गाणं वाजवलं. गाणारं कुणी नव्हतं. नुसता बाजा. एका बाईनं ओठाचा कोपरा पुसला. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी. कुणी एक शब्द तोंडातून काढला नाही, आणि सगळा रस्ता त्यांच्या आईच्या हाताकडं बघत होता. तिनं ओवाळलं, ताट आत नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून ती हात पदराबाहेर काढत नाही.

"लोकांना कळलंच कसं, की आमच्याच घरचं?" असं मी विचारलं नाही. सगळ्या गावात 'शे' म्हणणारी सून एकच, आणि चार बोटांची सासू एकच.

दाजी हे सांगत होते तेव्हा माझ्या मनात पहिली कुठली गोष्ट आली, ती आजपर्यंत मी कुणाला सांगितलेली नाही. मला वाटलं, नुसत्या बाज्यावर लोकांना शब्द ऐकू आले. मास्तर म्हणत होते ते झालं. दाजींसमोर, त्या स्टँडवर, हातात चहाचा ग्लास धरून मला क्षणभर अभिमान वाटला. बाकीचं सगळं त्याच्यानंतर आलं, आणि तेही हळूहळू, बधिर झालेल्या पायात रक्त येतं तसं. पूर्ण आलं की नाही, अजून सांगता येत नाही.

घरी सासू ओट्यावरच बसली होती. उजवा हात पदराखाली.

"या कवी," ती म्हणाली. "पानी घ्या."

मी पाया पडलो. "मावशी, अक्काला न्यायला आलो."

"न्या ना. कोनं अडवलं? न्या."

मग तिनं हात बाहेर काढला आणि माझ्यासमोर मांडीवर ठेवला. मला तो बघावा लागला. "हे बोट बहात्तर साली खडी फोडता फोडता गेलं. दुष्काळाच्या कामावर. पोरगं दहा-बारा वर्षाचं, संगं खडी उचले. तुमचे दाजी. तव्हा कामावर खायले सुकडी भेटे, मोजून भेटे. तव्हापासून मले मोजल्याबिगर झोप येत नाही. वाईट आहे, मले ठाऊक आहे. पन हे बोट कशानं गेलं, ते नाही टाकलं का गान्यात?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं असं वाटलं. मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं, मावशी."

"हां. ते कसं ठाऊक राहीन." तिनं हात परत आत घेतला.

आत गेलो. अक्का चुलीपुढं होती. माझ्याकडं न बघता "बस" म्हणाली. तिनं डबा ओढला, परातीत पीठ घेतलं, उरलेलं पीठ हातानं सारखं केलं आणि त्याच्यावर स्वतःचा पंजा दाबला. पाच बोटांचा. मग झाकण लावलं.

"हे काय अक्का?"

"डबा आते मनाकडे शे. सासूनी दी टाका, वरातना दुसऱ्या दिवशी. बठ्ठासना समोर." डबा आता माझ्याकडे आहे, सगळ्यांसमोर दिला. "मंग माले बी पंजा ठेवना पडस ना भाऊ. नहीतं म्हनतीन, पुसी लिधा ओठ."

ती भाकर थापत होती. थापता थापता मुलाला म्हणाली, मामाच्या मांडीवरून उतर, त्यांचे कपडे मळतील. मी म्हणालो, राहू दे. ती म्हणाली, "नको. मोठा मानूस शे तो आते."

मी जेवलो. ती वाढत राहिली. पुरे म्हटलं तरी वाढत राहिली, आणि मी खात राहिलो. मग मी म्हणालो, सकाळी निघू, माय वाट बघते आहे.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"तू माले लेवाले उना, का आखो काही ऐकाले उना?"

मला न्यायला आलास, का आणखी काही ऐकायला आलास. एवढंच. रागानं नाही, वादही नाही. मागच्या वर्षी मी बिनतापाचा धाब्यावर पडलो होतो. तिला ते ठाऊक होतं की नाही, मला आजही माहीत नाही. मला वाटतं, होतं. खाली झोक्यावरून धाब्यावरचा माणूस दिसत नसेल, पण कुरडयांवर कावळे उतरत नाहीत हे दिसतं.

ती आली नाही. सकाळी दाजी मला स्टँडवर सोडून गेले.

घरी मायनं दारातच विचारलं, "पोर कोठे शे?"

मी म्हणालो, "नाही पाठवलं."

कुणी नाही पाठवलं, ते मी म्हणालो नाही. मायनं ते स्वतःच भरून घेतलं. "गानं झोंबनं त्या धल्लीले," ती म्हणाली. गाणं त्या म्हातारीला झोंबलं. आणि तिनं त्या बाईला शिव्या दिल्या, ज्या बाईनं मला 'न्या ना' म्हटलं होतं.

पुढं अक्का माहेरी यायची, नाही असं नाही. लग्नाला, कुणाच्या आजारपणाला, एक रात्र राहून जायची. आखाजीला मात्र आली नाही. दर वर्षी मी एकटा जायचो, एकटा परत यायचो आणि तेच वाक्य म्हणायचो. परसातल्या निंबाला दुसऱ्यांच्या लेकी झोका बांधत होत्या. माय तेव्हा घरात बसून राहायची. दर वर्षी ती याहिणीला तेच बोल लावायची आणि दर वर्षी मी ते ऐकून घ्यायचो. एकदा तर ती म्हणाली, त्या हाताला किडे पडतील. मी भाकरीचा घास तोंडात घातला. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, की माय, ती स्वतःच येत नाही, माझ्यामुळं. मायनं मला मारलं नसतं. पण तिनं त्यानंतर माझ्याकडं जसं बघितलं असतं, ते मला नको होतं. म्हणून दुसऱ्याच्या आईला मी शिव्या खाऊ दिल्या.

लोक म्हणतात, मी त्याच सुमारास गाणी लिहिणं सोडलं, बहुतेक नोकरीमुळं. काहींना वाटतं, काहीतरी मनाला लागलं असेल. तसं नव्हतं. मी आणखी चार-पाच वर्षं लिहीत होतो. मास्तर वाचायचे आणि कागद घडी करून परत द्यायचे. एकदा म्हणाले, "कवी, ते पंज्याचं जिथून आणलं होतं तिथं परत जाऊन बघा ना." जिची ओळ होती ती आता तिथं येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. जमत नव्हतं म्हणून थांबलं, एवढंच आहे ते. पश्चात्तापाचा मान त्याला देऊ नये.

आणि गीतकाराचं विचाराल, तर मोठी ती होती. खूण मला सापडली असती तरी मी तिच्यावर यमक चढवलं असतं. तिनं चढवलं नाही. तिनं भूक म्हटली आणि थांबली. तिला ती ओळ कुठं म्हणायची, कुणासमोर म्हणायची हेही कळत होतं, आणि माझ्या मते ओळ जोडण्याइतकंच ते अवघड आहे. मला फक्त कान होता. कान पुष्कळांना असतो.

नव्वदनंतर काही वर्षांनी माय गेली. उन्हाळाच होता. दुपारी गेली. निरोप गेले, अक्का संध्याकाळच्या गाडीनं येऊन पोचली. दाजी बरोबर होते. सासूही आली होती. म्हातारी झाली होती, पण आली.

आमच्याकडे बाया रडतात ते नुसतं रडत नाहीत. सूर काढून रडतात, शब्दांत. गेलेल्या माणसाला हाक मारून त्याचं काय काय होतं ते सांगत रडतात. लेकीचं रडणं सगळ्यांत मोठं. बाकीच्या बाया तिच्यासाठी थांबून राहतात, ती एक ओळ म्हणते, मग त्या तिच्यामागून रडतात. आणि ही तर माझी बहीण. ओसरी भरली होती. सगळ्यांना ठाऊक होतं की आता ही बोलेल.

ती दारातून आत आली, मायच्या पायाशी बसली. पदर डोक्यावरून पुढं ओढला. बाया पुढं सरकल्या. मी खांबाला टेकून उभा होतो. तिनं मान वर केली आणि ओसरीवरून एकदा नजर फिरवली. मला बघितलं. मग मान खाली घातली आणि तिच्या तोंडातून नुसता आवाज निघाला. शब्द नाही. एक लांब आवाज, मग श्वास, मग परत तसाच आवाज. बाया थांबल्या होत्या. एका म्हातारीनं तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "बोल माय, बोल. मोकी व्हय." मोकळी हो. ती बोलली नाही. तिची सासू तिच्या शेजारी बसली होती. तिनं डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला होता आणि ती माझ्याकडं बघत होती.

मला समजायला जितका वेळ लागायला हवा होता त्यापेक्षा जास्त लागला. मग मी खांब सोडला आणि बाहेर आलो. ओट्यावर गडीमाणसं बसली होती, कुणीतरी म्हणालं, "लाकडांचं बघून राह्यलेत, तुम्ही थांबा." मी थांबलो नाही. गल्ली संपली, मारुतीचं देऊळ गेलं, मी चालत राहिलो. पारापाशी एकदा थांबून बघितलं. तिथपर्यंत आवाज येत होता. शब्द लागायला लागले असं वाटलं, म्हणून पुढं निघालो. फाट्यावरच्या चहाच्या टपरीशी आलो तेव्हा काही ऐकू येत नव्हतं. धुळ्याकडून एक ट्रक आला आणि गेला. टपरीवाल्यानं विचारलं, चहा? मी नको म्हणालो, मग घेतला.

तिथं मी बसून राहिलो, लोक शोधत येईपर्यंत. मुलगा बाहेर फिरतोय आणि घरात माती पडलीय, असं गावात पुष्कळ दिवस बोललं गेलं. बोलू दिलं.

सगळं झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, बायको ताटं घासता घासता म्हणाली, "तुम्ही गेल्यावर अक्का बोलल्या बरं. काय बोलल्या म्हणून सांगू. सगळ्या बाया गार झाल्या. मला तर तोंडपाठच झालंय, म्हणून दाखवू का?"

"नको," मी म्हणालो.

तिनं आश्चर्यानं बघितलं. "एवढं चांगलं होतं हो."

"असू दे. मला नको सांगूस. कधीच नको."

ती बरं म्हणाली आणि पुढचं ताट घेतलं.